रूप आणि रुपये

छंद या शब्दाचे संस्कृतांत दोन अर्थ आहेत : एक इच्छा, दुसरा वृत्त. इच्छेला वृत्ताचें बंधन पडलें म्हणजे तिला छंद म्हणावें. तें बंधन नसेल तर तिचें नांव हांव. जुन्या चांदीच्या नाण्यांचा संग्रह करणाऱ्या माणसांत हे दोन्ही प्रकार आढळतात आणि बाहेरून पाहणारास त्यांतील भेद सहसा कळत नाहीं, कारण दोघांच्याहि पेटींत चांदीच असते. तो भेद कोणता, हें गेल्या दिवाळींत आमच्याच घरीं उभ्या राहिलेल्या एका प्रश्नानें आम्हांस नव्यानें शिकविलें. म्हणून हा लेखनप्रपंच.

लक्ष्मीपूजनाच्या दुसऱ्या दिवशीं पाटावरचीं नाणीं शिसवी पेटींत परत भरण्याचें काम चाललें होतें. मोजून ८३ नाणीं. त्यांतील बहुतेक आजोबांच्या वेळचे राणीछाप व राजाछाप रुपये. एक मोठें नाणें आमच्या चुलत आजोबांनीं एडनहून आणलेलें. आणि थोडीं परदेशचीं नाणीं आम्हीं शिक्षकाच्या पगारांतून काटकसर करून वेळोवेळीं घेतलेलीं. पुतणीचें लग्न मार्गशीर्षांत ठरलें होतें. वहिनी म्हणाल्या, "भाऊजी, हीं नाणीं वर्षांतून एक दिवस पाटावर येतात आणि पुन्हां फडक्यांत जातात. चांदीचा भाव कोठें गेला आहे तें आपण पाहतांच. तीं मोडून मुलीला पूजेचें तबक आणि निरांजनें कां करूं नयेत?" अण्णांनीं आमच्याकडे पाहिलें. सगळ्यांना वाटलें, आम्ही तत्काळ विरोध करूं. पण आमच्या तोंडून शब्द निघाला नाहीं. तो कां निघाला नाहीं, तें योग्य स्थळीं सांगूं.

द्रव्य आणि रूप

'रुपया' हा शब्द 'रूप्य' या संस्कृत शब्दाचा वंशज आहे. रूप्य म्हणजे चांदी, हें आपण सर्व जाणतों. परंतु पाणिनीनें या शब्दाची सिद्धि 'रूप' या शब्दावरून सांगितली आहे, आणि ती दोन अर्थांनीं : आहत व प्रशंसा. ज्यावर ठोकून रूप उठविलें आहे तें रूप्य, आणि ज्याचें रूप वाखाणण्याजोगें आहे तो पुरुषहि रूप्य. कौटिल्याच्या अर्थशास्त्रांत टांकसाळीवरील अधिकाऱ्याला लक्षणाध्यक्ष व नाण्यांची पारख करणाऱ्याला रूपदर्शक म्हटलें आहे. म्हणजे चांदीच्या तुकड्याला नाणेंपण येतें तें चांदीमुळें नव्हे, तर त्यावर उमटलेल्या रूपामुळें, ही गोष्ट आपल्या पूर्वजांनीं शब्दांतच साठवून ठेविली आहे. सोनार द्रव्य पाहतो. संग्राहकानें रूप पाहावें. आमच्या सांगण्याचें सार इतकेंच आहे. पुढें येतात तीं त्याचीं उदाहरणें.

पदरवाली राणी

एडनहून आलेलें तें मोठें नाणें प्रथम घेऊं. एडन हें बंदर १९३२ पर्यंत मुंबई सरकारच्या कारभाराखालीं होतें, आणि तेथील पेढ्यांवर आपल्याकडील कारकून नोकरीला जात असत. या नाण्यावर डोक्यावरून वस्त्र घेतलेल्या एका प्रौढ स्त्रीचा मुखवटा आहे. आमच्या घरांत तिला तीन पिढ्या 'पदरवाली राणी' असेंच म्हणत आले आहेत. ती ऑस्ट्रियाची सम्राज्ञी मारिया थेरेसा. तिनें १७४० पासून १७८० पर्यंत राज्य केलें, सोळा मुलांना जन्म दिला आणि १७६५ सालीं पति वारल्यावर तें वैधव्याचें वस्त्र मस्तकावर घेतलें. तिच्या या नाण्याला थेलर म्हणतात. वजन २८ ग्रॅमहून किंचित् अधिक, म्हणजे आपल्या रुपयाच्या जवळजवळ अडीचपट. त्यांत शेंकडा ८३ हून थोडी अधिक शुद्ध चांदी. मागील बाजूस दोन डोक्यांचा गरुड आहे, आणि कडेवर लॅटिन भाषेंत 'न्यायानें व क्षमेनें' अशा अर्थाचें तिचें बिरुद कोरलेलें आहे.

या नाण्याची नवलकथा ती वारल्यावर सुरू होते. अरबस्तान, तांबड्या समुद्राचा किनारा आणि इथिओपिया येथील व्यापाऱ्यांचा या मुखवट्यावर एवढा विश्वास बसला होता कीं, दुसरें नाणें ते घेईनात. गिऱ्हाइकें राणीच्या खांद्यावरील पदकांतले मोतीदेखील मोजून घेत. तेव्हां राणी गेल्यावरहि तोच मुखवटा आणि तेंच १७८० साल ठेवून नाणीं पाडणें भाग पडलें. इथिओपियाचा सम्राट् दुसरा मेनेलिक यानें १८९४ पासून स्वतःच्या नांवाचीं नाणीं पाडविलीं, तरी प्रजेचें मन थेलरवरच राहिलें. १९३५ च्या सुमारास इथिओपियावर स्वारी करूं पाहणाऱ्या इटलीनें या नाण्याचे ठसे ऑस्ट्रियाकडून मिळविले. त्यावर लंडनच्या टांकसाळीनेंहि तें पाडावयास आरंभ केला. आणि दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमींत १९४०-४१ सालीं आपल्या मुंबईच्या टांकसाळींतूनहि ही ऑस्ट्रियाची राणी बाहेर पडली, सन अर्थात् १७८०! मृत राणीचें नाणें, मृत्यूच्या वर्षाचा सन, आणि ठोकणारे हात मुंबईचे. इथिओपियाच्या आजच्या चलनाचें नांव 'बिर' असें आहे, आणि त्या शब्दाचाहि मूळ अर्थ चांदी असाच आहे. पाणिनीला हें ऐकून आनंदच झाला असता.

जग फिरून आलेला डॉलर

दुसरें उदाहरण स्पेनच्या आठ रियालांच्या नाण्याचें. दक्षिण अमेरिकेंत, आजच्या बोलिव्हिया देशांत, पोतोसी येथील डोंगरांत १५४५ सालीं चांदीची अफाट खाण सांपडली. तेथील मूळ रहिवाशांना वेठीस धरून ती उपसण्यांत आली. किती जीव त्या डोंगरांत गेले याची गणतीच नाहीं. पोतोसी आणि मेक्सिको येथील टांकसाळींतून निघालेलें हें सुमारें २७ ग्रॅमचें नाणें पुढें अर्ध्या जगाचें चलन झालें. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत तें १८५७ पर्यंत कायदेशीर होतें.

ऑस्ट्रेलियांतील न्यू साउथ वेल्स वसाहतींत एकदां नाण्यांचा दुष्काळ पडला. तेव्हां गव्हर्नर मॅक्वारी यानें ४०,००० स्पॅनिश डॉलर आणवून १८१३ सालीं प्रत्येकाच्या मध्यभागीं भोंक पाडविलें. बाहेरचें कडें पांच शिलिंगांचें आणि आंतली चकती सवा शिलिंगाची, अशीं एका नाण्याचीं दोन नाणीं झालीं, आणि भोंकाच्या नाण्याला वसाहतीबाहेर कोणी विचारणार नाहीं हाहि हेतु साधला. या कामावर नेमलेला कारागीर विल्यम हेन्शल हा खोटीं नाणीं केल्याच्या अपराधासाठींच तेथें पाठविलेला कैदी होता!

आमच्यापाशीं जो असा डॉलर आहे तो चीन देश पाहून आलेला आहे. त्यावर राजाच्या गालावर व कपाळावर लहान लहान चिनी अक्षरें ठोकलेलीं आहेत. तेथील पारखी व्यापारी नाणें तपासून खरें ठरलें कीं त्यावर आपला शिक्का मारीत. या पारख्यांना चीनच्या बंदरांतील इंग्रज 'श्रॉफ' म्हणत. तो आपल्याकडील 'सराफ' हाच शब्द होय, आणि हाँगकाँगमध्यें पैसे भरण्याच्या खिडकीला तेंच नांव पडलें. ज्या दुकानदाराकडून आम्हीं हें नाणें घेतलें त्यानें "खराब झालेलें आहे" म्हणून किंमत कमी लावली. त्याच्या दृष्टीला जे डाग दिसले ते आमच्या दृष्टीनें त्या नाण्याच्या प्रवासाचे दाखले होते.

वितळलेल्या नाण्यांची गोष्ट

आतां घरचा रुपया. १८३५ सालीं कंपनी सरकारनें एकच रुपया सर्वत्र चालू करण्याचा कायदा केला. त्याचें वजन १८० ग्रेन, म्हणजे बरोबर एक तोळा किंवा ११.६६ ग्रॅम, बारा भागांत अकरा भाग चांदी. तोंवर आपल्याकडे अंकुशी, चांदवडी, हाली अशा नाना प्रकारच्या रुपयांचा बाजार होता, आणि एकाचा दुसरा करतांना सराफाला बट्टा द्यावा लागे. यंत्रांतून निघालेला हा नवा गुळगुळीत रुपया 'कलदार' म्हणून ओळखला जाऊं लागला. त्याचा कस एका शतकाहून अधिक काळ टिकला. १९४० सालीं चांदी निम्म्यावर आली, आणि १९४७ च्या रुपयांत चांदी मुळींच उरली नाहीं. तो निकेलचा झाला.

मधल्या काळांत कांहीं मौजाहि झाल्या. १९११ च्या रुपयावर पंचम जॉर्जच्या झग्यावरील हत्तीची सोंड इतकी आंखूड उठली कीं, लोकांना तें डुकर वाटलें. धर्मभावना दुखावल्याची ओरड झाली, पुष्कळसे रुपये परत घेऊन आटविण्यांत आले, आणि १९१२ च्या नाण्यावर हत्तीला पुरती सोंड मिळाली. १९११ व १९१२ चे रुपये ज्यांच्या घरीं असतील त्यांनीं मुलांच्या हातीं भिंग देऊन हा फरक अवश्य दाखवावा.

पण याहून महत्त्वाची गोष्ट पहिल्या महायुद्धाची आहे. हिंदुस्थानांतून माल फार जाई आणि त्याचें मोल चांदींत द्यावें लागे. चांदी इतकी तुटली कीं, १९१७ सालीं सरकारला प्रथमच एक रुपयाची नोट काढावी लागली. तेव्हां अमेरिकेनें १९१८ सालीं पिटमन कायदा करून आपल्या खजिन्यांतील सुमारें २७ कोटी चांदीचे डॉलर आटविले, आणि त्यांतील बहुतेक चांदी हिंदुस्थानच्या नाण्यांकरितां ब्रिटिश सरकारला विकली. आपल्या देवघरांतील १९१८ ते १९२० चा रुपया असा दुसऱ्या जन्मांतला असण्याचा पुष्कळ संभव आहे. मात्र डॉलर आटवितांना कोणत्या सालचे, कोणत्या टांकसाळीचे किती गेले, याची नोंद कोणी ठेविली नाहीं. त्यामुळें टांकसाळीच्या दप्तरांत लाखोंनीं पाडल्याचें लिहिलेलें एखाद्या सालचें नाणें प्रत्यक्षांत किती उरलें आहे, हें आज कोणासच सांगतां येत नाहीं. द्रव्य शिल्लक राहिलें. रूप गेलें आणि त्याचा हिशेबहि गेला.

ही हकीकत प्रथम वाचली तेव्हां आम्हांस १९७६ साल आठवलें, आणि वहिनींच्या प्रश्नावर आम्ही गप्प बसलों तेंहि त्यामुळेंच. त्या वर्षीं आम्ही मॅट्रिक झालों. वडील अंथरुणास खिळलेले. अध्यापक विद्यालयाची फी भरण्यास घरांत पैसा नव्हता. मातोश्रींनीं याच पेटींतून चाळीस रुपये काढले, फडक्यांत बांधले आणि आम्हांस बरोबर घेऊन सराफाकडे गेल्या. त्यानें ते तराजूंत ओतले, वजन केलें, पैसे मोजून दिले. मातोश्रींनीं वाटेंत अवाक्षर काढलें नाहीं. त्या चाळीस रुपयांवर आमचें शिक्षण झालें आणि पुढें छत्तीस वर्षें आम्हीं शाळेंत अन्न मिळविलें. मग कोणत्या तोंडानें आम्हीं वहिनींना सांगावें कीं, मुलीच्या कार्यासाठीं चांदी मोडणें हें पाप आहे? तें पाप नव्हे. आम्हांस सलतें तें निराळेंच. त्या चाळिसांपैकीं एकाहि नाण्याचें साल आम्हीं पाहून ठेवलें नाहीं.

नाण्यांची साक्ष

नाण्याचें साल पाहून काय होतें, असें कोणी विचारील. त्याला आम्ही नाशिक जिल्ह्यांतील जोगलटेंभी गांवचें उदाहरण देऊं. तेथें १९०६ सालीं चांदीच्या १३,००० हून अधिक नाण्यांचा ठेवा सांपडला. सर्व नाणीं नहपान या क्षत्रप राजाचीं. परंतु त्यांपैकीं सुमारें दोनतृतीयांश नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला ठसा पुन्हां मारलेला आहे. नव्या ठशाखालून नहपानाचा जुना मुखवटा डोकावतो. नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांत गौतमीपुत्रानें क्षहरातांचा वंश निर्मूळ केल्याचें सांगितलें आहे. तो क्षहरात नहपान होय, याला या नाण्यांनीं हातोड्याच्या घावासह दुजोरा दिला. हा ठेवा जसाच्या तसा अभ्यासकांच्या हातीं पडला म्हणून ही साक्ष मिळाली. तीच नाणीं शंभर घरांत वांटलीं गेलीं असतीं, तर शंभर तबकांपलीकडे कांहीं निष्पन्न झालें नसतें.

याच क्षत्रपांच्या पुढील पिढ्यांनीं सुमारें दोन ग्रॅमच्या चिमुकल्या नाण्यावर राजाच्या मस्तकामागें शकवर्षाचे अंक आणि दुसऱ्या बाजूस त्याच्या पित्याचें नांव घालण्याची चाल पाडली. त्यावरून त्या घराण्याची वंशावळ सनावळीसह जुळवितां आली. असें एक नाणें आम्हीं तरुणपणीं एका जत्रेंत घेतलें होतें. तें काळें पडलेलें पाहून आम्हीं चिंच आणि राख लावून लखलखीत घासलें. राजा उजळला, मागचे अंक मात्र पुसले गेले. आज तें नाणें आमच्या पेटींत आहे, पण तें कोणत्या वर्षाचें हें त्याला सांगतां येत नाहीं. साक्षीदाराची जीभ आम्हींच कापली.

स्मारक नाणीं

जुन्या चलनी नाण्यांखेरीज एखाद्या व्यक्तीच्या अगर प्रसंगाच्या स्मरणार्थ काढलेल्या नाण्यांचाहि संग्रह केला जातो. त्यांत एक सावधगिरी हवी. अमेरिकेनें कोलंबसाच्या सफरीच्या चारशेंव्या वर्षानिमित्त १८९२ सालीं आपलें पहिलें स्मारक नाणें काढलें. अर्ध्या डॉलरचें तें नाणें शिकागोच्या प्रदर्शनांत एका डॉलरला विकावयास ठेविलें होतें. पुष्कळशीं विकलीं गेलीं नाहींत; त्यांतलीं कांहीं आटविलीं, कांहीं शेवटीं अर्ध्या डॉलरच्याच भावानें बाजारांत सोडलीं. जें नाणें मुद्दाम संग्राहकासाठीं पाडलेलें असतें, तें दुर्मिळ असेलच असें नाहीं, हा धडा तेव्हांपासूनचा आहे.

आपल्या देशांत स्वातंत्र्यानंतरचें पहिलें स्मारक नाणें १९६४ सालीं पंडित नेहरूंचें निघालें. तें निकेलचें होतें. १९६९ सालीं महात्मा गांधींच्या जन्मशताब्दीचें दहा रुपयांचें नाणें मात्र चांदीचें काढलें : वजन १५ ग्रॅम, त्यांत शेंकडा ८० भाग चांदी. तें वडिलांनीं बँकेंतून आणून आमच्या हातावर ठेवलें तेव्हां आम्ही प्राथमिक शाळेंत होतों. बाजारांत आज त्याला काय मिळेल हें आम्हीं कधीं विचारलें नाहीं. वडिलांच्या एका दिवसाच्या कमाईहून तें मोठें होतें, आणि तरी त्यांनीं तें आणलें, हें त्याचें खरें मोल आहे.

संग्राहकानें पाळावयाचे नियम

इतक्या अनुभवानंतर घरोघरच्या तरुणांस चार गोष्टी सांगाव्याशा वाटतात. पहिली : नाणें घासूं नये. चिंच, राख, सोडा, दंतमंजन, सारें वर्ज्य. माती असेल तर शुद्ध पाण्यांत भिजवून मऊ फडक्यानें टिपावें. काळिमा हा चांदीच्या वयाचा रंग आहे. दुसरी : नाणें कडेला धरावें, रबर, लोंकर आणि वर्तमानपत्राचा कागद यांपासून दूर, कोरड्या जागीं ठेवावें. मऊ प्लॅस्टिकच्या पाकिटांतून कालांतरानें हिरवट चिकटा सुटतो, तींहि टाळावींत. तिसरी : विकत घेण्यापूर्वीं वजन करावें. कलदार रुपया ११.६६ ग्रॅमहून झिजेपुरता कमी भरेल, अधिक भरणार नाहीं. चुंबकाला चिकटला तर तो चांदीचा नव्हे. रामदरबार किंवा मारुति यांचीं चित्रें व कंपनी सरकारचें नांव असलेलीं 'प्राचीन' नाणीं जत्रांतून विकतात. तशीं नाणीं कंपनीनें कधींच पाडलीं नाहींत. चौथी : कायदा पाळावा. जमिनींत सांपडलेल्या ठेव्याची वर्दी कलेक्टरला देण्याचें बंधन १८७८ च्या कायद्यानें घातलें आहे, आणि १९७२ च्या कायद्याप्रमाणें शंभर वर्षांहून जुनें नाणें ही पुरातन वस्तु ठरत असल्यामुळें खासगी माणसाला तें देशाबाहेर पाठवितां येत नाहीं.

या चारांहून मोठा पांचवा नियम वहीचा. प्रत्येक नाण्याचें साल, राज्यकर्ता, टांकसाळीची खूण, वजन, आणि तें कोणाकडून, कोठून, केव्हां आलें, एवढें एका ओळींत लिहून ठेवावें. पंचम जॉर्जच्या रुपयावर बारीक टिंब असेल तर तो मुंबईचा, नसेल तर कलकत्त्याचा, एवढें तर शाळकरी मुलगाहि सांगूं शकेल. ज्याच्यापाशीं वही आहे तो संग्राहक. ज्याच्यापाशीं केवळ पेटी आहे तो सांठेवाला.

आमच्या घरचा निर्णय

आम्हीं वहिनींना म्हटलें, "मोडूं, पण तीन दिवस द्या." तीन संध्याकाळीं पुतणी भिंग व तराजू घेऊन आमच्याजवळ बसली आणि सर्व ८३ नाणीं तिनें वहींत उतरविलीं. लग्नाच्या घाईंतल्या मुलीला हें काम सांगावें कीं नाहीं, असा संकोच आम्हांस होता. पण दुसऱ्या दिवशीं ती आपण होऊनच आली. ज्यांचीं अक्षरें झिजून गेलीं आहेत, ज्यांना कोणे काळीं कडी लावण्यासाठीं डाग दिले आहेत, किंवा जे सर्वत्र विपुल आहेत, असे ५४ रुपये निघाले. ते सराफाकडे गेले आणि त्यांचें तबक व दोन निरांजनें झालीं. उरलेलीं २९ नाणीं पेटींत परत गेलीं.

पदरवाल्या राणीचें काय, असा प्रश्न आम्हीं मुद्दामच वहिनींना टाकला. तिच्यांत चांदी पुष्कळ होती. वहिनींनीं तिला हातांत घेऊन उलटसुलट पाहिलें आणि म्हणाल्या, "नको. सोळा लेंकरांची आई आहे. तिला मुशींत कोण घालील?" 

तबक मुलीबरोबर सासरीं गेलें आहे. वहीची एक नक्कल तिनें मागून घेतली. तिच्या पहिल्या पानावर, ५४ नाण्यांच्या यादीच्याहि वर, आमच्या सांगण्यावरून तिनें एक ओळ लिहिली आहे : 'सन १९७६, चाळीस रुपये, सालें अज्ञात.' आमच्या कर्जाची तेवढीच नोंद आम्हांस करतां आली.